बर्फाच्या समुद्रात सांडलेलं तेल सापडतं कसं

गुहागरचा एक मुलगा थर्ड ऑफिसर म्हणून जानेवारीत बाल्टिकमध्ये चालणाऱ्या टँकरवर जॉइन होतोय, त्याने विचारलंय की काका, कोर्समध्ये सांगितलं समुद्रात तेल सांडलं की सॅटेलाइटला दिसतं, मग बर्फ असला तरी दिसतं का? आणि पुढे विचारतो, आपल्याकडे तवंग आला तर सगळ्यात आधी मच्छीवाले ओरडतात, तिथे गोठलेल्या समुद्रावर कोण ओरडणार?

सरळ उत्तर आधी देतो, मग कारणं. उघड्या पाण्यावरचं तेल सॅटेलाइटला बऱ्याचदा दिसतं, बर्फाच्या तुकड्यांमधलं क्वचित दिसतं, आणि एकदा का तेल बर्फाखाली गेलं की वरून फिरणाऱ्या कुठल्याही सॅटेलाइटला ते दिसत नाही, आजच्या तारखेला तरी नाही. मी २६ वर्षं तवंगाच्या इमेज वाचण्याचं आणि प्रदूषण निवारणाचं काम केलं, त्यातले काही हिवाळे उत्तरेकडच्या बर्फात गेले, आता रत्नागिरीत घरी आहे. तुझ्यासारखी आपल्याकडची शेकडो पोरं जहाजांवर आहेत आणि त्यांना हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून जरा लांबण लावतो, वेळ काढून वाच.

रडार तेल बघत नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर. तो पाण्याचा खडबडीतपणा बघतो. वारा सुटला की पाण्यावर बारीक लहरी उठतात, बोटभर लांबीच्या, आणि सेंटिनेल-१ सारख्या सॅटेलाइटच्या रडारची तरंगलांबी साधारण साडेपाच सेंटिमीटर, म्हणजे त्याच मापाची, त्यामुळे त्या लहरींवर आपटून सिग्नल परत वर जातो आणि इमेजमध्ये समुद्र करडा दिसतो. तेलाचा थर या बारीक लहरी दाबून टाकतो, तेवढं पाणी गुळगुळीत होतं, सिग्नल आरशासारखा पलीकडे निघून जातो आणि तिथे काळा डाग दिसतो. तू मिरकरवाड्याच्या जेटीवर हेच बघितलं असशील, बोटीतून डिझेल सांडलं की आजूबाजूला पाणी थरथरत असतं आणि तेवढाच पट्टा शांत पडलेला असतो. आमच्या लहानपणी एक म्हातारा तांडेल होता तो म्हणायचा, इथे पाणी गप्प झालंय, बघा खाली काय आहे. कधी तारलीचा थवा असायचा, कारण माशाच्या अंगचं तेल पण पाणी गप्प करतं. रडारला हा फरक कळत नाही, त्या म्हाताऱ्याला कळायचा.

म्हणजे वारा पाहिजे. सेकंदाला दोन-तीन मीटरपेक्षा कमी वारा असला तर सगळा समुद्रच काळा दिसतो, आणि १०-१२ मीटरच्या वर गेला तर लाटा तेलाला घुसळून खाली ढकलतात. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं एकमेकांवर आदळली, ८०० टनांच्या आसपास तेल गेलं, उरण-अलिबागच्या खारफुटीत काळं चढलं, तेव्हा भर पावसाळा. ढगांमुळे साध्या कॅमेऱ्याचे फोटो कामाचे नाहीत आणि रडारच्या इमेजमध्ये पावसाच्या सरींचे डाग आणि तेलाचे डाग एकमेकांत मिसळलेले. उघड्या समुद्रात, घराशेजारी ही अवस्था, मग बर्फात काय होत असेल विचार कर.

आता बर्फ. खारं पाणी उणे १.८ अंशाला गोठायला लागतं, पण एकदम लादी बनत नाही. आधी सुईसारखे बारीक स्फटिक तयार होतात आणि ते पृष्ठभागावर जमून एक दाटसर, चकचकीत साय धरते, तिचं नावच ग्रीस आइस, कारण बघणाऱ्याला ती तेलकट वाटते. ही साय पण बारीक लहरी दाबते आणि रडारला काळीच दिसते. काठ तसेच गुळगुळीत, वाऱ्याच्या दिशेने ओढलेले लांब पट्टे तसेच. मी स्वतः एका हिवाळ्यात असा पट्टा तेल म्हणून मार्क केला होता. जहाजांच्या वाटेजवळ होता, आकार अगदी टँक धुतल्यावर मागे राहतो तसा शेपटीचा, मी खात्रीने रिपोर्ट पाठवला, हेलिकॉप्टर उडालं, दोन तास त्या माणसांनी उणे वीसमध्ये घिरट्या घातल्या आणि खाली ताजा गोठणारा समुद्र, दुसरं काही नाही. त्यानंतर मी शिस्त लावून घेतली, काळा डाग दिसला की आधी त्या जागचं तापमान बघायचं, मग आदल्या दिवशीची इमेज, मग दुसऱ्या दिवशीची. तेल असेल तर ते तुटत, पसरत जातं, नवीन बर्फ असेल तर एका दिवसात त्याचा रंग बदलतो कारण तो जाड होतो, त्यावर गोल थाळ्यांसारखे तुकडे बनतात आणि त्यांच्या उचललेल्या कडा रडारला चमकतात. पण ही शिस्त पाळायची तर एक दिवस थांबावं लागतं आणि तेलाच्या बाबतीत तो एक दिवसच सगळ्यात महाग असतो.

शिवाय मापाचा प्रश्न. ध्रुवाकडे सेंटिनेल-१ बहुतेक ज्या रुंद मोडमध्ये चालतो त्यात पट्टा ४०० किलोमीटरचा मिळतो पण एक पिक्सेल ४० मीटरचा. बर्फाच्या दोन लाद्यांमधली फट दहा मीटरची असेल आणि तेल त्या फटीत भरलं असेल तर ते त्या पिक्सेलमध्ये विरघळून जातं, दिसणार कुठून. तुझ्या जहाजाच्या एक्स-बँड रडारवर पण भिस्त ठेवू नकोस. तेल पकडणारे खास जहाजी रडार असतात, पण ते पण लाटांच्या क्लटरवरच, म्हणजे लाटांवरून परत येणाऱ्या सिग्नलच्या गोंधळावरच, चालतात आणि बर्फात लाटाच नसतात.

बर्फ किती आहे यावर तेल कसं वागणार ते ठरतं. पाण्याचा साधारण ३० टक्क्यांपर्यंत भाग बर्फाने झाकलेला असेल तर तेल उघड्या समुद्रातल्यासारखंच पसरतं, स्वतःच्या मर्जीने वाऱ्याबरोबर जातं. ६०-७० टक्क्यांच्या वर गेलं की तेल बर्फाच्या ताब्यात जातं, लाद्यांच्या मध्ये कोंडतं, जाड राहतं, आणि बर्फ जिथे जाईल तिथे जातं. मधला भाग सगळ्यात वाईट, कधी इकडे कधी तिकडे. हे तू पाठ कर, कारण पुढे जे सांगणार आहे ते सगळं यावर उभं आहे.

बर्फाखाली तेल सुटलं, समजा तळाला भोक पडलं किंवा पाइपलाइन फुटली, तर तेल हलकं म्हणून वर येतं आणि बर्फाच्या पोटाला जाऊन चिकटतं. ते पोट सपाट नसतं. आपल्या जांभ्याच्या खाणीत कापलेली नव्हे तर नैसर्गिक कपार बघितलीस ना, खालून वर बघितलं की खळगे, फुगवटे, भोकं, तसं असतं. तेल त्या खळग्यांमध्ये साठतं, सपाट जागी साधारण सेंटिमीटरभर जाड थर होतो आणि खळग्यात त्याहून जास्त. लोकांना वाटतं प्रवाह ते वाहून नेत असेल, पण प्रवाह सेकंदाला पंधरा-वीस सेंटिमीटरच्या वर गेल्याशिवाय ते सहसा हलत नाही, तिथेच पडून राहतं. आणि थंडी चालू असेल तर एक-दोन दिवसांत, फार तर तीन, तेलाच्या खालून नवीन बर्फ धरतो. म्हणजे तेल पुरणपोळीतल्या पुरणासारखं दोन्ही बाजूंनी बंद. वरून बघशील तर पांढरं शुभ्र, खालून बघशील तर नवीन बर्फ. तेल मधे, ताजंच्या ताजं, कारण उडून जायला हवा नाही आणि घुसळायला लाट नाही. ते वसंतापर्यंत तसंच राहतं.

वसंतात काय होतं ते मला या सगळ्या विषयात सगळ्यात विलक्षण वाटतं. समुद्राचं पाणी गोठताना मीठ बाहेर ढकलतं, ते मीठ घट्ट खाऱ्या पाण्याच्या रूपात बर्फातल्या बारीक नळ्यांमध्ये अडकतं. कडाक्याच्या थंडीत या नळ्या बंद असतात. बर्फ तापत तापत उणे पाचच्या आसपास आला की त्या एकमेकींना जोडल्या जातात, जांभ्यातून पावसाचं पाणी झिरपावं तसा बर्फ झिरपायला लागतो, आणि मधे कोंडलेलं तेल त्या नळ्यांतून हळूहळू वर चढून बर्फावरच्या वितळलेल्या पाण्याच्या डबक्यात येऊन बसतं. डिसेंबरात सांडलेलं तेल मे महिन्यात वरून दिसतं, आणि तेसुद्धा जिथे सांडलं तिथून कुठल्या कुठे. तुझ्या बाल्टिकमध्ये हे थोडं वेगळं चालतं कारण ते पाणीच अळणी, बोथनियाच्या आखाताच्या वरच्या टोकाला तर हजारी जेमतेम ३ भाग मीठ, त्यामुळे बर्फात नळ्या कमी, तेल वर चढायला वाटा कमी. पण त्याच कारणाने तिथे जमिनीत बघणारा रडार चांगला चालतो. त्याच्याकडे येतो.

जीपीआर म्हणतात तो हाच. रस्त्याखालची पाइपलाइन शोधायला मुंबईत पण वापरतात. स्लेजवर ठेवून बर्फावरून ओढायचा, किंवा हेलिकॉप्टरखाली बांधून कमी उंचीवरून न्यायचा. ५०० ते १००० मेगाहर्ट्झचा पल्स बर्फात शिरतो आणि जिथे पदार्थ बदलतो तिथून थोडा परत येतो. प्रत्येक पदार्थाचा विजेशी वागायचा एक आकडा असतो, तेलाचा दोनच्या जरा वर, बर्फाचा तीन-चार, आणि समुद्राच्या पाण्याचा ८० च्या आसपास. बर्फाखाली थेट पाणी असेल तर हा फरक प्रचंड म्हणून प्रतिध्वनी जोरदार येतो, मधे तेल असेल तर तोच प्रतिध्वनी बदलतो, कमकुवत होतो, कधी उलटा होतो. २००६ साली नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर स्वेआ इथे परवानगी घेऊन सुमारे ३४०० लिटर क्रूड बर्फाखाली सोडलं होतं आणि या रडारने ते सापडतं का हे बघितलं, सापडलं. पण अटी आहेत. बर्फ थंड हवा, साधारण सपाट हवा, वर ओला स्नो नको. खारट आणि कोमट बर्फात ते मिठाचं पाणी सिग्नल पिऊन टाकतं. एकावर एक चढलेल्या लाद्यांच्या रांगा असतील तर इतके प्रतिध्वनी येतात की त्यातून तेल वेगळं काढणं मला तरी कधी जमलं नाही आणि जमतं म्हणणाऱ्याकडून मी नेहमी भोक पाडून दाखवायला सांगितलं.

खालून बघणं वरून बघण्यापेक्षा सोपं, हे ऐकून तुला नवल वाटेल. पाण्यातून फिरणाऱ्या स्वयंचलित यंत्रावर वर तोंड केलेला सोनार लावला की तेलाच्या थराकडून एक आणि तेलाच्या वरच्या बर्फाकडून दुसरा असे दोन प्रतिध्वनी येतात, त्यांच्यातल्या वेळेच्या फरकावरून थराची जाडी पण काढता येते. खाली काही सेंटिमीटर नवीन बर्फ धरला असेल तरी सोनार बऱ्याचदा त्यातून बघतो. त्याच यंत्रावर कॅमेरा आणि अतिनील प्रकाश टाकून तेल चमकतंय का बघणारा सेन्सर असला तर दोन-तीन साक्षीदार एकदम मिळतात. अडचण यंत्राची आहे, बर्फाखाली ते बिघडलं तर वर कुठे येणार, जीपीएस पाण्याखाली चालत नाही, आणि ते ठिकाणी नेऊन सोडायला दिवस जातात.

विमानातून लेझर टाकून तेलाची चमक ओळखणारी उपकरणं उत्तम, ती तेल आणि ग्रीस आइस यात गल्लत करत नाहीत, पण तेल उघडं दिसलं पाहिजे. इन्फ्रारेडचं तसंच, दिवसा काळं तेल उन्हाने तापतं म्हणून बर्फाच्या बाजूला उठून दिसतं, आणि जानेवारीत तिथे ऊनच जेमतेम सहा तासांचं, तेही तिरपं. एमआरआय मशीन ज्या तत्त्वावर चालतं त्याच तत्त्वावर हेलिकॉप्टरखाली मोठी कॉइल टांगून बर्फाखालच्या तेलातला हायड्रोजन ओळखायचा प्रयोग पण झालाय, रोजच्या वापरात मी तो बघितलेला नाही.

आणि कुत्रे. हसू नकोस, स्वालबार्डमध्ये डॅशहुंड आणि बॉर्डर कॉली कुत्र्यांना शिकवून चाचण्या घेतल्या, बर्फावर सांडून वर स्नो टाकलेलं तेल त्यांनी पाच किलोमीटरवरून वासाने गाठलं. दिशा तर सांगतातच, दोन बाजूंनी नेलं तर जागा नक्की करता येते. किनाऱ्याला लागून स्थिर असलेल्या बर्फावर मला ही पद्धत कुठल्याही यंत्राइतकी विश्वासाची वाटते. तरंगत्या, फुटत्या बर्फावर कुत्रा काय, माणूस पण उतरवायचा नाही.

हे सगळं झाल्यावर पण शेवटी भोक पाडावंच लागतं. एक प्रसंग सांगतो. एका प्रशिक्षणात मोठ्या गोठवलेल्या टाकीत अर्धा मीटर बर्फ बनवला होता आणि खाली तेल सोडलेलं, कुठे ते आम्हाला माहीत नाही. जीपीआरच्या स्क्रीनवर एका जागी खालची रेघ फिकट झाली होती, तिथे ऑगर लावला, आपल्याकडे बोअर मारतात त्याचा लहान भाऊ, हाताने फिरवायचा. आधी पांढरा भुगा वर आला, कोरडा, किसलेल्या खोबऱ्यासारखा. मग तो ओलसर झाला. मग ऑगरचा आवाज बदलला, करकर थांबून घरघर झाली, आणि भुग्यात तपकिरी रेघ दिसली, बोटाने चोळली तर हातमोज्यावर पसरली. ऑगर ओढून काढला तर भोकात पाणी वर चढलं, बर्फाच्या जाडीच्या नऊ-दशांश उंचीपर्यंत ते चढतंच, तरंगणाऱ्या बर्फाचा हिशोबच तो, आणि त्या पाण्यावर काळी टोपी घालून तेल. वास सगळ्यात शेवटी आला, थंडीत वास उशिरा येतो. शेजारी दीड मीटरवर दुसरं भोक पाडलं तर स्वच्छ पाणी. दीड मीटरचा फरक, इतकं ते एका खळग्यात नीट बसलेलं होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की शंभर चौरस किलोमीटर बर्फात हे शोधायचं म्हणजे काय.

म्हणून माझं तुला सांगणं एवढंच आहे की बर्फात तेल शोधायच्या मागे लागू नकोस, ज्या लादीखाली किंवा ज्या फटीत ते गेलंय ती लादी हरवू देऊ नकोस. तेल बर्फाबरोबर जातं, तर बर्फाचा माग काढला की तेलाचा माग निघाला. लादीवर जीपीएस पाठवणारा एक बोया, म्हणजे ठिकाण कळवणारं छोटं यंत्र, टाकला की उपग्रहावरून दर तासाला तिचं ठिकाण येत राहतं, अंधार असो, ढग असो, वर चार फूट स्नो पडो. मोकळा बर्फ वाऱ्याच्या वेगाच्या दोन-तीन टक्क्यांनी सरकतो, म्हणजे २० नॉटचा वारा दिवसभर राहिला तर ती लादी १८ ते २७ किलोमीटर पुढे गेलेली असते. बोया नसेल तर तिसऱ्या दिवशी कुठलाही सेन्सर आणला तरी तो चुकीच्या जागी फिरणार.

याची किंमत लोकांनी मोजलेली आहे. मार्च १९७९ मध्ये कॅनडाच्या कॅबट सामुद्रधुनीत कुर्दिस्तान नावाचा टँकर बर्फाच्या समुद्रात दोन तुकडे होऊन फुटला, जड बंकर तेल बर्फात मिसळलं आणि बर्फाबरोबर फिरून आठवड्यांनंतर नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यांवर वर येत राहिलं. जानेवारी १९७७ मध्ये अमेरिकेच्या बझर्ड्स बे मध्ये एका बार्जमधून ८१ हजार गॅलन घरगुती जळणाचं तेल गोठलेल्या खाडीत गेलं, तेव्हा भरती-ओहोटीने बर्फ हलेल तसं ते इथे बुड, तिथे निघ असं चाललं होतं. अलास्काच्या कुक इनलेटमध्ये फेब्रुवारी २०१७ मध्ये समुद्रतळाच्या गॅस लाइनची गळती वर येणाऱ्या बुडबुड्यांमुळे हेलिकॉप्टरमधून माणसाच्या डोळ्याला दिसली, आणि दिसूनसुद्धा बर्फामुळे पाणबुडे एप्रिलपर्यंत खाली जाऊ शकले नाहीत. तो गॅस होता म्हणून बुडबुडे तरी आले.

तेल कुठलं आहे हे पण आधी माहीत करून घे, त्यावर ते कसं दिसेल ते ठरतं. थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं ना, तसं प्रत्येक तेलाचं एक तापमान असतं ज्याखाली ते वाहत नाही. आपल्या मुंबई हायचं क्रूड इतकं मेणचट की ते तीसेक अंशालाच घट्ट व्हायला लागतं, ते तिकडे गेलं तर पसरणारच नाही, ढेकळं होतील. आता जहाजं जे कमी सल्फरचं इंधन जाळतात त्यातली पण बरीच थंडीत मेणासारखी होतात, त्यांचा इंद्रधनुषी तवंग शोधत बसलास तर काही दिसायचं नाही. उलट हलकं डिझेल इतकं पातळ पसरतं की चंदेरी चमक एक चौरस किलोमीटरभर दिसली तरी त्यात तेल ४० ते ३०० लिटरच असतं. मोठा डाग म्हणजे मोठी गळती असं धरायचं नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, तिथे ओरडणार कोण. बाल्टिकभोवतीचे देश विमानाने पाळत ठेवतात, युरोपची क्लीनसीनेट नावाची सेवा २००७ पासून सॅटेलाइटच्या इमेज बघून इशारे देते, आइसब्रेकरवरचे लोक अनुभवी असतात. आपल्याकडे कोस्ट गार्ड आहे, हैदराबादचं इन्कॉइस तेल कुठे वाहत जाईल त्याचा अंदाज देतं, आणि तरी जून २०२० मध्ये निसर्ग वादळात बसरा स्टार हे जहाज रत्नागिरीजवळच्या मिऱ्याला येऊन आदळलं तेव्हा त्यातलं डिझेल बाहेर येतंय का हे बघायला रोज सकाळी बंधाऱ्यावर कोण उभं होतं, गावातलेच लोक. दर पावसाळ्याच्या तोंडावर पुळणीवर डांबराचे गोळे येतात, आमची आई आमचे पाय घासलेटच्या बोळ्याने चोळून मगच घरात घ्यायची, तेव्हा कुठल्या जहाजाने काय सोडलं हे कोणाला माहीत नसायचं पण आलंय हे सगळ्या गावाला त्या दिवशीच कळायचं. किनाऱ्यावर माणूस असतो म्हणून कळतं. गोठलेल्या समुद्रात ना होडी ना रापण, मैलोन्मैल माणूस नाही, तिथे तो माणूस म्हणजे ब्रिजवर वॉच करणारा तूच.

वॉचवर असताना मागे बघत जा. आइसब्रेकरच्या मागे कॉन्व्हॉयमध्ये चालताना सगळे पुढे बघतात ते बरोबरच आहे, पण तुझ्या हलवर, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या अंगावर, बर्फाने ओरखडा काढून टाकी फाटली असेल तर तेल आधी मागच्या फोडलेल्या चॅनेलमध्ये चुऱ्यावर येतं. लाद्या उलटतात त्यांचं पोट बघ. पोट तपकिरी दिसलं तर लगेच घाबरू नकोस, बर्फाच्या पोटाला शेवाळासारखे सूक्ष्मजीव वाढतात, ते पण तपकिरीच, आणि किनाऱ्याजवळच्या बर्फात गाळ असतो. तुकडा बादलीत मिळाला तर पांढऱ्या कागदावर चोळून बघ, शेवाळ पुसलं जातं, गाळ खरखरीत लागतो, तेल पसरतं आणि कागद पारदर्शक करतं. टाक्यांची साउंडिंग, म्हणजे पातळीचं माप, नेहमीपेक्षा जास्त वेळा घे, कारण बर्फ घासल्याच्या आवाजात छोटा धक्का कोणाला वेगळा कळत नाही. मी एका जहाजाचं प्रकरण बघितलंय, नाव सांगत नाही, टाकीची पातळी उतरत होती आणि सेन्सर गोठला असेल म्हणून सात तास कोणी हात लावला नाही, सात तासांत बर्फ किती सरकला असेल त्याचा हिशोब तू आता करू शकतोस.

शंका आली की कॅप्टनला उठव, खात्री होईपर्यंत थांबू नकोस. वेळ, जीपीएस पोझिशन, वारा, बर्फ किती दशांश आणि किती जाड, हवेचं तापमान, हे पहिल्या पाच मिनिटांत लिहून काढ आणि किनाऱ्यावरच्या यंत्रणेला सॉपेपप्रमाणे, म्हणजे जहाजावरच्या तेलगळतीच्या आपत्कालीन आराखड्याप्रमाणे, कळव. त्याच वेळी आइसब्रेकरला विचार की ट्रॅकिंग बोया आहे का आणि तो या लादीवर टाकता येईल का, त्यांच्याकडे क्रेन असते आणि त्यांना बर्फावर काय पेलतं ते कळतं, तू स्वतः खाली उतरायचं नाहीस. तुमच्याच जहाजावर असा एखादा बोया ठेवायला कंपनीला आत्ताच, जॉइन व्हायच्या आधी, लेखी विचार. मिळाला तर बघ की त्याची बॅटरी थंडीत किती दिवस टिकते ते पॅकवर लिहिलंय का, साध्या बॅटऱ्या उणे वीसला लवकर मरतात, लिथियमच्या टिकतात, आणि जादाची बॅटरी लॉकरमध्ये न ठेवता कोमट जागी ठेव. डायरी पेन्सिलने लिही, बॉलपेनची शाई त्या थंडीत उतरत नाही.